लेआउटची बाग जगवायची तर: नागपूरकरांसाठी अर्जापासून नांग्या भरण्यापर्यंत

नागपुरात बागेसाठी काही करायचं मनात आलं की माणूस आधी नर्सरी गाठतो. आधी गाठावं झोन ऑफिस. रोप दोन दिवसांत मिळतं, पण ज्या जमिनीत ते लावायचं ती कोणाच्या नावावर आहे हे कळायला कधी कधी दोन महिने जातात. ते न कळता लावलेल्या झाडाला पुढे वाली राहत नाही. पाणी मागायला गेलात की एक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

ज्यांच्या लेआउटमध्ये एखादी बाग किंवा नुसतं कुंपण घातलेलं मैदान आहे, सकाळी फिरायला येणारे पंधरा-वीस चेहरे ओळखीचे झाले आहेत आणि ‘आता काहीतरी करू या’ असं बोलणं सुरू झालं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. इथे झाडाची परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ च्या पुढे जातो, जमीन तापते, नळाला दाब नसतो आणि जुलैत फोटोत उभे राहिलेले निम्मे लोक सुटीत गावाला गेलेले असतात. म्हणून परवानगी, झाडांची निवड, कार्यक्रम, सगळं काही मे डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

जागा कोणाची?

शहरातल्या हिरव्या जागा एका मालकाच्या नाहीत. काही बागा महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आहेत, काही नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) उभ्या केल्या आणि त्यातल्या काही नंतर मनपाकडे गेल्या. महाराजबाग कृषी विद्यापीठाची. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वन विभागाचं, तर गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय वनविकास महामंडळाकडे. वन विभागाच्या जागेत आपल्या मनाने एकही रोप लावायचं नसतं, मग हेतू कितीही चांगला असो.

खरा गुंता असतो लेआउटच्या खुल्या जागेचा, म्हणजे आपण ज्याला ओपन स्पेस किंवा पीयू (पब्लिक युटिलिटी) लँड म्हणतो तिचा. तुमचं घर ‘५७२’ किंवा ‘१९००’ या अनधिकृत लेआउटच्या गटांतलं असेल, तर गुंठेवारीची (म्हणजे असे लेआउट नियमित करण्याची) फाइल नासुप्रकडे असण्याची शक्यता मोठी. सुरुवात अशी करा: आपल्या प्लॉटच्या मंजुरीसोबतचा लेआउटचा नकाशा काढा आणि खुली जागा कुठे दाखवली आहे ते पाहा. मग तो नकाशा घेऊन मनपाच्या झोन कार्यालयात जा. शहरात असे दहा झोन आहेत. ‘ही जागा तुमच्याकडे हस्तांतरित झाली आहे का?’ एवढाच प्रश्न विचारा. नाही म्हणाले तर नासुप्रच्या विभागीय कार्यालयात तोच प्रश्न विचारा. दोन्हीकडे ‘नाही’ मिळालं तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डची) नक्कल काढा, तिच्यात धारकाचं नाव असतं. तोंडी उत्तरावर विसंबू नका. साहेब बदलले की तोंडी उत्तरही बदलतं.

माणसं जमवा, नोंदणीची घाई नको

आधी मंडळ स्थापन करून अध्यक्ष-सचिव ठरवणारे गट मी पाहिले आहेत. अशा गटांची पहिली भांडणं लेटरहेडवरून होतात. सुरुवातीला लागतात ती फक्त तीन प्रकारची माणसं: ऑफिसच्या फेऱ्या मारायला न कंटाळणारा एक निवृत्त गृहस्थ, सकाळी सहाला हजर राहणारी पाच-सहा जणं, आणि बागेला लागून घर असलेलं असं एखादं कुटुंब, जे पाइप आणि फावडं ठेवायला जागा देईल. हास्य क्लब, योगवर्ग, ग्रीन जिमवरचे नेहमीचे लोक, संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आज्या हा तयार गट आहे. नवा शोधू नका.

नोंदणी लागते ती पैशांचा व्यवहार मोठा झाला की. संस्था नोंदणी कायद्यासाठी किमान सात सदस्य लागतात आणि काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर त्यापुढे आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या आणि सीएसआर-१ हा फॉर्मही लागतो. एका बागेसाठी एवढा खटाटोप बहुतेक वेळा परवडत नाही. आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेसोबत काम करणं सोपं पडतं.

माळीकाकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. ते बहुधा कंत्राटदाराचे कामगार असतात, पगार वेळेवर होत नाही, आणि नवीन उत्साही मंडळी त्यांना हुकूम सोडायला लागली की तेही हात आखडता घेतात. आमच्याकडच्या काकांनी वृक्षारोपणाची योजना शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, “लावाले सगळेच येतात भाऊ, पानी कोन टाकन?” पुढचं सगळं नियोजन त्या प्रश्नावर उभं राहिलं.

अर्ज

अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहा आणि प्रत उद्यान अधीक्षकांना द्या. जागा नासुप्रची असेल तर त्यांच्या विभागीय कार्यालयाला. विषय असा: ‘अमुक लेआउटमधील सार्वजनिक उद्यानात नागरिकांच्या सहभागातून वृक्षलागवड व देखभाल करण्यास परवानगी मिळण्याबाबत.’

मजकुरात गोड वाक्यं नकोत. जागेची हद्द, सध्या असलेली झाडं, किती रोपं लावणार आणि कोणती, देखभाल कोण करणार हे लिहा. मग मागण्या, आणि त्या तीनच ठेवा. लेखी परवानगी. पाण्याची सोय, म्हणजे बागेतला नळ किंवा विहीर वापरू देणं, नाहीतर उन्हाळ्यात टँकर. आणि ज्यांच्याशी बोलायचं त्या कर्मचाऱ्याचं नाव. सोबत हाताने काढलेला नकाशा, आजचे फोटो आणि रहिवाशांच्या सह्या जोडा. सह्या पन्नास असल्या तर अर्जाकडे लक्ष जातं, पाच असल्या तर तो फाइलखाली जातो.

एक गोष्ट आवर्जून लिहा. राज्याच्या पर्यावरण विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. त्यात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांना गुण मिळतात आणि हिरवळीच्या कामाला त्यात जागा आहे. अधिकाऱ्यांना अशा कामांच्या नोंदी आणि फोटो हवेच असतात. ‘आमच्या कामाची माहिती अभियानासाठी वेळोवेळी देऊ’ असं एक वाक्य लिहिलं तर तुमचा अर्ज त्यांच्याही कामाचा होतो.

दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. पंधरा दिवसांनी तिची झेरॉक्स घेऊन परत जा.

खड्डा खणण्याआधी एक चक्कर

वही घेऊन बाग फिरा, शक्यतो दोनदा: एकदा दुपारी दोनला, एकदा जोरदार पावसानंतर. दुपारी कळतं सावली कुठे नाही. पावसानंतर कळतं पाणी कुठे तुंबतं.

झाडांच्या बुडाशी वाका. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यांनी आणि गट्टूंनी (जमिनीवर बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांनी) किती झाडांचा गळा आवळला आहे ते तेव्हा दिसतं. खोडाला चिकटून गट्टू बसवलेले, वर जाहिरातीचे खिळे, एखाद्या फांदीला केबल गुंडाळलेली. झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिला होता, आणि तेव्हापासून देशभर त्याचा आधार घेतला जातो. नवं झाड लावण्याआधी जुन्या दहा झाडांची आळी मोकळी करा. वीस वर्षांचा कडुनिंब वाचवणं हे वीस रोपं लावण्यापेक्षा मोठं काम आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

गट्टूंचा विषय निघालाच आहे तर, बागेत ‘सौंदर्यीकरण’ येणार असं कळलं की पहिली चौकशी हीच करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं. तेवढा पाऊस एखादी बाग अडवू शकत नाही, हे खरं. पण उघडी माती पाणी मुरवते आणि गट्टू ते रस्त्यावर पाठवतात. चालायचा ट्रॅक मुरमाचा ठेवा, असा लेखी आग्रह धरा. गुडघ्यांनाही तो बरा.

आणि एखादा गवताचा तुकडा दिसला की लगेच ‘ही जागा रिकामी आहे’ असं म्हणू नका. त्यात फुलपाखरं असतात, मुनिया असतात. कोपरा तसाच राहू द्या, फक्त गाजरगवत फुलायच्या आत उपटा. हातमोजे घालून, कारण त्याची खाज वाईट.

काय लावायचं, कसं लावायचं

कडेने कडुनिंब, करंज, जांभूळ. नाल्याच्या बाजूला अर्जुन. वीजतारांखाली उंच वाढणारं काही नको, तिथे पारिजातक, कढीपत्ता, फार तर बहावा. वड, पिंपळ, उंबर यांना भिंतीपासून आणि गडर लाइनपासून दूर असा एखादा कोपरा द्या. आपला राज्यपक्षी हरियाल वडा-पिंपळाच्या फळांवरच येतो, म्हणून एक तरी हवाच. सप्तपर्णी महापालिकांची लाडकी, पण ऑक्टोबरात तिच्या वासाने डोकं धरणारे लोक तुमच्या लेआउटमध्ये नक्की निघतील. सुबाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. मियावाकी पद्धतीचं दाट वन पहिली दोन-तीन वर्षं भरपूर पाणी मागतं. बोअरवेल असेल तरच त्या वाटेला जा.

रोप पाच-सहा फुटांचं आणि बोटाएवढ्या जाड खोडाचं घ्या. वीतभर रोपं स्वस्त पडतात, पण बकऱ्या आणि क्रिकेटचा चेंडू त्यांना पुरून उरतात. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करा. मोठी रोपं लवकर संपतात, म्हणून मेमध्येच मागणी नोंदवा.

खड्डा दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, आणि तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि फाटताना कोवळी मुळं तोडते. शिवाय जुलैत अशा खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून निघालेल्या मातीत थोडा बारीक मुरूम, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा, तळ सब्बलने फोडा आणि झाड जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित उंचावर बसवा. पिशवी पूर्ण फाडून काढा. ‘मुळं फाडतील पिशवी’ म्हणणारे भेटतात, पण मुळं प्लास्टिक फाडत नाहीत. बांबूला बांधताना सुतळी इंग्रजी आठाच्या आकारात सैल फिरवा. तार कधीच नको.

पहिल्याच सरीवर लावायची घाई करू नका. मृगाचा पाऊस विदर्भात हुलकावणी देतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की मग लावा. बहुधा जून संपत आलेला असतो. १ ते ७ जुलै हा वनमहोत्सवाचा सप्ताह त्याला सोयीचा पडतो.

पाणी कोण टाकणार, हे कागदावर

पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून मोजणी सुरू. हिवाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड, सूर्य उगवायच्या आत. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. आळ्यात कच्चा छोटा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवला तर पाणी हळूहळू झिरपतं. त्यावर झाकण हवं, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच तयार होतात.

घराघरांत एक-एक झाड वाटून द्या आणि उन्हाळ्यासाठी जोडी लावा: एक कुटुंब गावाला गेलं तर दुसरं पाणी घालेल. यादी बागेच्या फाटकावर लावा. लाज ही उत्तम व्यवस्थापक असते.

कूलरच्या पाण्याबद्दल हमखास विचारतात. टाकीच्या तळाचं पाणी रोपांना घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर दिसतो, तोच त्या पाण्यात असतो. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तसंच. मोठ्या झाडाला साध्या पाण्यात मिसळून कधीतरी चालेल. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

पाचोळा जाळायचा नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये बागा पानांनी भरतात आणि सकाळी धूर निघायला लागतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली आणि साधारण प्रकाराला ५,००० व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पण माळ्यावर तक्रार करण्याआधी त्याला पाचोळा टाकायला जागा द्या.

कोंबड्यांच्या जाळीचा चार फूट रुंद, कमरेएवढा उंच गोल उभा करा. वीतभर पानं, त्यावर शेणाचा पातळ काला, वर मूठभर माती, परत पानं. पायाने दाबायचं. नागपुरी उन्हात हा ढीग आतून कोरडा पडतो आणि मग कुजणं थांबतं. म्हणून वर ओलं पोतं टाका आणि आठवड्यातून एकदा आत हात घालून पाहा. मूठ आवळल्यावर ओलसर वाटावं, पाणी गळू नये. महिन्यातून एकदा उलटा. मार्चमध्ये भरलेला ढीग जुलै-ऑगस्टपर्यंत खत होतो. कडुनिंबाची पानं लवकर कुजतात, वडाची जाड पानं आधी तुडवून घ्या.

कार्यक्रम: सणाला जोडा, भाषण कमी

नवा ‘इव्हेंट’ उभा करायला माणसं, पैसा, मांडव सगळं लागतं. आधीच असलेल्या गर्दीला बागेत आणणं सोपं. वटपौर्णिमेला बायका वडाकडे येतातच. फांद्या तोडून विकत आणण्याऐवजी बागेतल्या वडाला पूजा, आणि प्रत्येकीच्या हातून तांब्याभर पाणी. तान्हा पोळा तर बागेचाच सण: लाकडी नंदी घेऊन मुलं येतात, आईबाप मागे उभे असतात. त्याच दिवशी इतवारी-महालात मारबती, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, निघतात, तेव्हा मुलांकडून ‘प्लास्टिक घेऊन जा गे मारबत’ म्हणवून घेऊन बागेतला कचरा गोळा करता येतो. गणपतीत मनपाच्या कृत्रिम टाक्यांजवळ निर्माल्य जमतं. आपल्या लेआउटचं निर्माल्य बागेच्या खतात घ्या, दोरे आणि थर्माकोल वेगळे काढून.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्ली यांचा, १२ ला सलीम अली यांचा जन्मदिन. सकाळी साडेसहाला दुर्बीण असलेला एक जाणकार आणि पंधरा मुलं एवढं पुरतं. माइक नको, पोहे मात्र हवेत, तर्रीसकट. पक्ष्यांची यादी दरवर्षी त्याच वहीत लिहीत गेलात तर बागेत काय बदललं हे कोणालाही दाखवता येतं.

मनपा आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन यांचा पौर्णिमा दिवस नागपूरकरांना माहीत आहे: पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे बंद. त्या तासाला बागेत गोष्टी, चंद्राकडे दुर्बीण, आजोबांचे आठवणींचे किस्से असं काहीही चालतं, खर्च शून्य. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा तो चालतच नाही. नेत्याला बोलवायचं असेल तर मेमध्ये, पाणी घालायला बोलवा. कोण येतं ते बघू.

कोणी झाड तोडत असेल तर

वाद घालण्याआधी परवानगीचा कागद मागा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष अधिकारी किंवा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरातलं झाड तोडता येत नाही, स्वतःच्या आवारातलंसुद्धा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ मानलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं भरपाई म्हणून लावावी लागतात. अजनीतली झाडं वाचवण्यासाठी झालेल्या अजनी वनाच्या आंदोलनात सामान्य नागपूरकरांनी हे कलम-बिलम पाठ करून टाकलं होतं.

कागद नसेल तर फोटो, व्हिडिओ, वेळ, गाडीचा नंबर, आणि झोन कार्यालयाला ताबडतोब कळवणं. कागद असेल तर तो नीट वाचा: ‘छाटणी’ची परवानगी घेऊन बुंधा कापण्याचे प्रकार होतात. झाडावर चिकटवलेल्या आणि वर्तमानपत्रात आलेल्या नोटिशीत हरकतीची मुदत असते, तिच्या आत लेखी हरकत द्या. ‘झाड तोडू नका’ एवढंच न लिहिता रस्ता किंवा भिंत कशी वळवता येईल ते रेखाटून द्या.

वर्षाचा हिशेब

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळी रोपं मोजा. किती जगली, किती गेली, कशाने गेली: पाणी, जनावर, गाडी, कुजणं. कारण लिहिल्याशिवाय पुढच्या वर्षीचा निर्णय चुकतो. महापालिकेने किंवा कंत्राटदाराने लावलेली झाडंही त्याच वहीत मोजा. आकडे जुळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. किती रोपं लावली, किती वर्षं देखभालीची अट होती, किती देयक दिलं, एवढंच विचारा. ‘का’ विचारलंत तर ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं.

मग नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागी नवी रोपं लावा, कापसाच्या शेतात भरतात तशाच. मेलेल्या रोपाच्या जागी लगेच तीच जात लावू नका. आधी खड्डा उकरून पाहा. तळाला डबर किंवा सिमेंटचा राडा निघाला तर जागा दोन हात सरकवा. नव्या लेआउटमध्ये तो हमखास निघतो.